पायलट बेअरिंग
मोटारगाडीच्या एंजिनातील भुजादंडाच्या, म्हणजे क्रँकशाफ्टच्या, मागील टोकाच्या भोकात बसविलेला लहान धारवा. गिअरबॉक्समधून पुढे आलेल्या दंडाचे टोक याच्या आधाराने फिरते. क्लच दाबल्यावर भुजादंड फिरत राहतो व हा दंड थांबतो. धारव्याला काम पडते ते तेव्हाच. तो अडकल्यास क्लच दाबूनही दंड ओढला जातो व गिअर खरखरतात. मुंबईत विसाव्या शतकाच्या मध्यास जुळणी होऊ लागलेल्या विलीस जीपगाड्यांत धारव्याऐवजी काशाचे बुश असे.

जुने बुश काढताना भोकात ग्रीज भरून त्यात घट्ट बसणारी कांब हातोडीने ठोकतात. ग्रीजच्या दाबाने बुश बाहेर सरकते. हे ग्रीज पूर्ण पुसून काढावे लागते, अन्यथा नवे बुश तळाशी टेकत नाही. सच्छिद्र बुश आधी एंजिन तेलात भिजवितात. त्याला ग्रीज लावणे ही नेहमीची चूक होय, कारण त्याने छिद्रे बुजतात. बेअरिंग ठोकताना घाव बाहेरील कड्यावरच पडला पाहिजे. आतील कड्यावर पडल्यास गोळ्यांचे मार्ग खचतात. दाबून बसविलेल्या बुशाचे भोक किंचित आवळते, म्हणून दंडाचे टोक त्यात सैलसर फिरते की नाही हे गिअरबॉक्स चढविण्यापूर्वीच पाहतात. भाग स्वस्त असला, तरी त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. त्यामुळे क्लचपट्टी बदलताना तोही बदलणे शहाणपणाचे ठरते.