हळद, उंदीर आणि माणसाची बेटं

मार बसला की जखमेवर हळद दाबायची, हे परंदवडीत कुणाला शिकवावं लागत नाही. मावळातून पुण्याकडे उतरलं की गणेशखिंडीत विद्यापीठाचं आवार लागतं. तिथल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून २००८ साली हळदीतल्या कर्क्युमिनवर एक शोधनिबंध आला. डॉ. रमेश भोंडे आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या स्वादुपिंडातली बेटं, म्हणजे इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचे पुंजके, वेगळी काढून त्यांच्यावर सायटोकाइन, म्हणजे दाह पेटवणारी प्रथिनं सोडली होती. आधी कर्क्युमिन मिळालेल्या बेटांतल्या पेशी कमी मेल्या. स्ट्रेप्टोझोटोसिन हे बेटं मारणारं रसायन टोचलेल्या उंदरांनाही मधुमेहापासून आडोसा मिळाला.

यामागे दोन दशकांचा विचार होता. १९८६ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी इंटरल्यूकिन-१ हे सायटोकाइन बेटांना मारक असल्याचं दाखवलं आणि पुढे बरीच वर्षं चित्र ठरूनच गेलं: प्रतिकारपेशी हल्ला करतात, इन्सुलिन बनवणारी बीटा पेशी मरते. हे चित्र फारच सोपं होतं. २००२ साली झुरिकच्या प्रयोगशाळेत माणसाची बेटं चढ्या साखरेत ठेवली, तर बीटा पेशी स्वतःच इंटरल्यूकिन-१ बीटा बनवताना दिसली. इतरांना ते नेहमी तसं सापडलं नाही, वाद राहिला. तरी २००७ मध्ये हा रेणू अडवणारं अ‍ॅनाकिन्रा हे औषध टाइप-२ मधुमेहाच्या ७० रुग्णांच्या चाचणीत तपासलं गेलं. ते मिळालेल्यांची साखर १३ आठवड्यांत उतरली, इन्सुलिनचा स्रावही सुधारला.

आता उंदराची अडचण. १९९४ सालीच दाखवून झालं होतं की स्ट्रेप्टोझोटोसिन उंदराची बेटं सहज मारतं, माणसाची नाही. इन्सुलिनबरोबर सोडलं जाणारं उंदराचं अमायलिन हे प्रथिन गुठळ्या धरत नाही. माणसाचं धरतं, आणि त्या गुठळ्याच दाह पेटवू शकतात. त्यामुळे पुण्याचा निकाल खरा असला, तरी हळदीच्या दुधाने माणसाची बेटं वाचतील असं त्यातून निघत नाही. जाहिरातवाल्यांना एवढं थांबायला वेळ नसतो.

भोंडे यांच्याबरोबर पुण्यात काम केलेले आनंदवर्धन हर्डीकर पुढे अमेरिकेत गेले. तिथे २००४ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मांडलं की माणसाच्या बेटांतल्या पेशी काचेच्या बशीत आपली ओळख टाकतात, पसरतात, वाढतात आणि नंतर पुन्हा पुंजके धरतात. २००७ मध्ये, वंशज ओळखता यावेत म्हणून खूण केलेल्या उंदीरपेशींनी हे नाकारलं. २००८ मध्ये इस्रायलमध्ये खूण केलेल्या मानवी बीटा पेशी मात्र ओळख टाकून वाढताना सापडल्या. म्हणजे संकटात पेशी मरतेच असं नाही. काही वेळा ती इन्सुलिनचं काम सोडून देते. मला हा सगळ्यांत मोलाचा धागा वाटतो, कारण काम सोडलेल्या पेशीला परत आणता येण्याची निदान शक्यता तरी असते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा सहभाग असलेल्या २०२२च्या अभ्यासात, तरुणपणी टाइप-२ झालेल्यांमध्ये इन्सुलिनची तीव्र कमतरता असलेला गट सर्वांत मोठा निघाला. त्यांची बेटं मुळातच तोकडी होती, की खचून काम सोडून बसली, हे रक्ताच्या तपासणीतून कळत नाही. जिवंत माणसाच्या स्वादुपिंडाचा तुकडा काढणं धोक्याचं. मरणोत्तर दान झालेलं स्वादुपिंड बर्फात ठेवून काही तासांत प्रयोगशाळेत पोचलं, तरच त्यातली बेटं तपासता येतात.