इस्पितळापूर्वीची घटका

सुरतेहून मुंबईकडे निघालेली गाडी उधना सोडून थोडी पुढे येते तो भेस्तान लागते आणि त्यानंतर सचीन. खिडकीतून पाहणाऱ्यास येथे धुराडी, पत्र्याच्या चाळी आणि रांगेने उभ्या असलेल्या मालमोटारी एवढेच दिसते. परंतु आमच्या व्यापारी बंधूंस हे सांगावयास नको की, पेढीवर येणाऱ्या गठ्ठ्यांतील पुष्कळसे कापड लगतच्या पांडेसरा व सचीन येथील गिरण्यांतून रंग-छपाई होऊन निघालेले असते. ह्या गिरण्यांत राबणारांत आपल्या खानदेशातील माणसेही पुष्कळ आहेत. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर येथून ताप्ती खोऱ्याच्या लोहमार्गाने उधन्यास उतरलेली.

आमच्या पाहण्यातील एका गिरणीत काही वर्षांपूर्वी असाच एक तरुण कामगार तागे रचताना माळ्यावरून खाली कोसळला. सोबत्यांनी धाव घेतली, दोघांनी हात व दोघांनी पाय धरून त्याला उचलले, टेम्पोत घातले आणि खाचखळग्यांतून इस्पितळ गाठले. मालकांनी खर्चात हात आखडता घेतला नाही. मुलगा वाचला, पण पायांवर पुन्हा उभा राहिला नाही. पडताना कण्यास किती इजा झाली आणि उचलताना किती, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. त्या धावपळीत दुष्टावा कोणाचाच नव्हता. होती ती केवळ घाई. हा लेख त्या घाईविषयी आहे.

रुग्णवाहिका म्हणजे रुग्णास लवकर पोहोचविणारे वाहन, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती अपुरी आहे. मान सरळ ठेवणारा पट्टा, माणूस न वाकता उचलता यावा म्हणून सपाट फळी, प्राणवायूची नळकांडी, घशातील रक्त वा ओकारी खेचून घेणारे यंत्र, श्वास देण्याची पिशवी, प्रसूतीचे निर्जंतुक साहित्य हे सारे तिच्यात असते, आणि ते वापरण्याचे शिक्षण घेतलेला मनुष्य असतो. इस्पितळ जणू आपल्या दाराशी चालून येते. हा विचार जगातही फार जुना नव्हे. छाती बाहेरून दाबून थांबलेले हृदय चालू ठेवता येते, हे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स येथील कोवेनहोवेन, ज्यूड व निकरबॉकर ह्यांनी १९६० साली प्रसिद्ध केले. आणि १९६६ साली बेलफास्टमध्ये डॉ. पँट्रिज ह्यांनी हृदयरोग्याकडे उपकरणांसह डॉक्टर धाडणारी गाडी सुरू केली.

गुजरातेत १०८ क्रमांकाची सेवा २९ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झाली. महाराष्ट्रात ती २०१४ साली आली. महाराष्ट्राच्या गाडीवर डॉक्टर असतो. गुजरातेत प्रशिक्षित तंत्रज्ञ असतो आणि त्याला केंद्रातील डॉक्टर दूरध्वनीवरून सल्ला देतो. ह्या सेवेच्या कामात अडलेल्या बाळंतिणींचा वाटा मोठा आहे, आणि कित्येक बाळांचा पहिला श्वास गाडीतच झालेला आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. भेस्तानहून लावलेला दूरध्वनी अहमदाबादेजवळ कठवाडा येथील केंद्रात उचलला जातो. हे अंतर अडीचशे किलोमीटरांच्या घरात आहे. 'फाटकाच्या पुढे, आपल्या त्या शेठच्या गिरणीत' एवढ्याने तेथे बसलेल्यास काय उमजणार? प्लॉटचा क्रमांक, गल्ली, जवळची ठळक खूण आणि गाडी आत शिरू शकेल असा दरवाजा कोणता, हे सांगता आले पाहिजे. समोरचा मनुष्य प्रश्न विचारीत राहतो म्हणून आपले लोक चिडून दूरध्वनी ठेवून देतात. वास्तविक त्या प्रश्नांतूनच गाडीवरील माणसाची तयारी होत असते.

दुसरा राग असा की, 'गाडी आली, पण माणसे आत शिरावयास तयार नाहीत.' ६ जानेवारी २०२२ च्या पहाटे सचीन औद्योगिक वसाहतीत एका टँकरमधील रसायन नाल्यात सोडले जात असता विषारी वायू पसरला आणि सहा कामगार प्राणास मुकले. अशा जागी उघड्या नाकाने शिरणारा मदतनीस हा पुढचा रुग्णच होय. अग्निशामक दलाने माणूस मोकळ्या हवेत आणावा आणि मग रुग्णवाहिकेने त्याचा ताबा घ्यावा, हा क्रम भित्रेपणाचा नव्हे. गटारात वा हौदात उतरलेल्या सोबत्यामागे उडी घेणारे आमचे कामगार शूर असतात हे खरे, पण एकाच्या जागी तीन प्रेते निघतात ती ह्याच शौर्यामुळे.

तथापि सारे काही गाडीवर सोपवून चालत नाही. हृदय थांबल्यावर चार ते सहा मिनिटांत मेंदूस इजा होऊ लागते, आणि एवढ्यात गाडी नेहमीच पोहोचेल असे नाही. तोवर छातीच्या मध्यभागी मिनिटास १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहणे हे पाळीवरील कोणासही शिकता येते. वाफेने भाजल्यास वीस मिनिटे वाहते थंड पाणी. हळद नको, दंतमंजन नको. रुळात बोट तुटलेच, तर ते स्वच्छ फडक्यात गुंडाळून पिशवीत घालावे व ती पिशवी बर्फात ठेवावी; बोट थेट बर्फात टाकू नये. ही शेवटची सूचना आम्ही मुद्दाम करीत आहो, कारण बर्फाच्या पेल्यात बुडविलेले बोट घेऊन येणारे लोक आजही भेटतात.

महामार्गावरील अपघातात पोलिसांच्या लचांडाची भीती अनेकांस मागे खेचते. जखमीस मदत करणाऱ्यास त्रास देऊ नये, असे मार्गदर्शक नियम सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये मान्य केले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. आपले नावगाव सांगण्याची सक्तीही मदत करणाऱ्यावर नाही.

वर सांगितलेल्या गिरणीच्या फाटकावर आता गुजराती, हिंदी, मराठी व उडिया अशा चार भाषांत फलक आहे. त्यावर १०८ हा आकडा, खाली प्लॉटचा पूर्ण पत्ता, आणि त्याखाली 'पडलेल्यास उचलू नका' एवढेच शब्द. दूरध्वनी झाला की एक मनुष्य विजेरी घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभा राहतो. पत्ता तोंडपाठ नसलेला रखवालदार रात्रपाळीवर नेमावयाचा नाही, असा तेथला शिरस्ता आहे.