‘हेवी मेटल टेस्टेड’ म्हणजे नक्की काय टेस्ट केलं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या एपिसोडचं हे लिखित रूप. थोडं कापलंय, थोडं नीट केलंय.

एका श्रोत्या मैत्रिणीचा व्हॉइस मेसेज आला होता: “दादा, आजी रोज सकाळ-संध्याकाळ एकेक चमचा अश्वगंधा चूर्ण घेते. डब्यावर ‘हेवी मेटल टेस्टेड’ लिहिलंय. मग काळजी नाही ना?”

मी वैद्य नाही, कोड लिहिणारा माणूस. पण हा प्रश्न औषधाइतकाच मोजमापाचा आहे, आणि तिथे मला बोलायला आवडतं.

आधी हे धातू येतात कुठून ते बघू. वनस्पती मातीतून लोह, जस्त घेते तसं कॅडमियम, शिसंही घेते. ब्राह्मी दलदलीत वाढते, त्यामुळे पाणी घाण असेल तर ते तिच्यात उतरतं. शिवाय वाळवताना बसणारी धूळ, दळायचं यंत्र. रसौषधींची गोष्ट वेगळी, तिथे पारा मुद्दामच वापरलेला असतो. आपण फक्त झाडपाल्याच्या औषधांबद्दल बोलतोय. भीती हवेतली नाही. २००४ साली अमेरिकेत बॉस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, त्यातल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. त्यानंतर भारतानं २००६ पासून निर्यातीच्या वनौषधींना ही तपासणी सक्तीची केली. मर्यादा अशा: शिसं १० पीपीएम, आर्सेनिक ३, पारा १, कॅडमियम ०.३. पीपीएम म्हणजे एका किलोत एक मिलिग्रॅम.

आता लॅबमध्ये जाऊ. चूर्ण नीट मिसळून त्यातलं साधारण अर्धा ग्रॅम घेतात. ते नायट्रिक ॲसिडसोबत बंद भांड्यात, खास मायक्रोवेव्हमध्ये तापवतात. (घरचा नाही, प्लीज!) पाला-मूळ सगळं विरघळतं आणि पारदर्शक द्रव उरतो. त्यात शुद्ध पाणी घालून, समजा, ५० मिली करतात आणि आयसीपी-एमएस या यंत्रात सोडतात. आत आरगॉन वायूचा प्लाझ्मा असतो, हजारो अंश तापमानाचा. त्यात अणूंचे आयन होतात आणि यंत्र ते वजनानुसार मोजतं. शिशाचे आयन २०६, २०७, २०८ या वजनांवर दिसतात.

इथे मला भारी वाटलेली गोष्ट सांगतो. आर्सेनिकचं वजन ७५. पण आरगॉन ४० आणि क्लोरीन ३५ चिकटले तरी बेरीज ७५! म्हणजे नमुन्यात मीठ असेल, तर नसलेलं आर्सेनिक ‘दिसू’ शकतं. यावर उपाय म्हणून वाटेत हीलियम वायू ठेवतात. चिकटलेली जोडी आकारानं मोठी, ती जास्त धडका खाऊन मागे पडते, एकटा अणू पुढे निघतो.

दुसरी गोष्ट ब्लँक. सगळी प्रक्रिया तीच, फक्त चूर्ण घालायचं नाही. तरीही यंत्र काहीतरी आकडा दाखवतंच, कारण ॲसिडमध्ये, भांड्यात, हवेत किंचित शिसं असतं. समजा, चूर्णाच्या द्रवात लिटरला २० मायक्रोग्रॅम आणि ब्लँकमध्ये ३ आले. उरले १७. आपण लिटरला १० ग्रॅम या प्रमाणात चूर्ण विरघळवलं होतं, म्हणून ग्रॅमला १.७ मायक्रोग्रॅम, अर्थात १.७ पीपीएम. मर्यादा १०. पास, तेही आरामात.

पण थांबा. आजी पीपीएम खात नाही, चमचे खाते. चमचा ३ ग्रॅमचा धरला तर दिवसाला ६ ग्रॅम, म्हणजे रोज सुमारे १० मायक्रोग्रॅम शिसं. नेहमीच्या ॲलोपॅथिक गोळ्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनेत तोंडावाटे शिशाची दिवसाची मर्यादा ५ मायक्रोग्रॅम आहे. ती सूचना वनौषधींना लागू नाही, हे खरं. पण शरीराला ते कुठे ठाऊक? तेच चूर्ण अर्ध्या ग्रॅमची एक कॅप्सूल म्हणून घेतलं तर एक मायक्रोग्रॅमही जात नाही. रिपोर्ट एकच, पोटात जाणारं शिसं बारा पट वेगळं. माझ्या मते डब्यावर पीपीएमऐवजी ‘दिवसाच्या मात्रेत किती’ हे छापायला हवं.

अजून एक शब्द फसवतो: ‘नॉट डिटेक्टेड’. त्याचा अर्थ शून्य नव्हे, तर ‘आमच्या पद्धतीला दिसलं नाही’. ५ पीपीएमच्या खालचं दिसतच नसेल, तर आपलं १.७ वालं चूर्णसुद्धा ‘नॉट डिटेक्टेड’ ठरेल.

तर ताई, कंपनीला मेल टाक. डब्यावरचा बॅच नंबर देऊन त्याच बॅचचा रिपोर्ट माग, गेल्या वर्षीच्या दुसऱ्या बॅचचा नको. रिपोर्टवर चार धातूंचे आकडे, पद्धतीचं नाव आणि सगळ्यात कमी किती मोजता येतं, हे बघ. मग आकड्याला आजीच्या ६ ग्रॅमनं गुण. आकडा मोठा वाटला किंवा उत्तरच आलं नाही, तर तो डबा घेऊन तिच्या वैद्यांकडे किंवा डॉक्टरांकडे जा. बरीच वर्षं घेत असेल तर रक्तातलं शिसं तपासायचं का, तेही विचार. ती साधी रक्ताची तपासणी असते.