आहार आणि कर्करोग : लेखांक सातवा – बुरशीचा दाणा

गेल्या लेखांकात तंतुमय अन्न आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग यांच्या संबंधाचा विचार केला, तेव्हा आपली सारी चर्चा 'काय खावे आणि काय वर्ज्य करावे' या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली. परंतु एखादे धान्य स्वभावतः निर्दोष, पौष्टिक आणि गरिबाच्या आवाक्यातले असूनही, ते कसे वाळवले, कोठे साठवले आणि किती काळ दमट जागी पडून राहिले एवढ्यावरच यकृताच्या कर्करोगाला निमंत्रण देऊ शकते, ही गोष्ट तितकीच महत्त्वाची असून तिची दखल मात्र आपल्याकडे फारच थोडे लोक घेतात.

ही गोष्ट प्रथम उघडकीस आली ती पक्ष्यांच्या मृत्यूमुळे. १९६० साली इंग्लंडात टर्की जातीची सुमारे एक लाख पिल्ले काही महिन्यांत दगावली. रोगाचे निदान होईना म्हणून त्याला 'टर्की एक्स रोग' असे नाव देण्यात आले (वैद्यकाच्या दफ्तरात अज्ञानाची इतकी प्रांजळ नोंद क्वचितच आढळते), आणि तपासाअंती त्याचा माग ब्राझीलहून आयात केलेल्या भुईमुगाच्या पेंडीपर्यंत जाऊन पोचला. त्या पेंडीत ॲस्परजिलस फ्लेव्हस नावाच्या बुरशीने निर्माण केलेले विष होते, तेच ॲफ्लाटॉक्सिन. त्याच्या प्रमुख प्रकारांपैकी बी-१ हा सर्वांत घातक. पुढे प्रयोगशाळेतील उंदरांना हे विष अन्नातून देताच त्यांच्या यकृतात अर्बुदे उत्पन्न झाली, आणि १९८७ साली ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ॲफ्लाटॉक्सिनला मानवी कर्करोगाच्या निःसंशय कारणांच्या पहिल्या वर्गात, म्हणजे तंबाखूच्याच पंक्तीस, बसविले.

या विषाची कार्यपद्धती विलक्षण आहे. ते मूळ स्वरूपात पेशीच्या जनुकांना फारशी इजा करीत नाही. परंतु रक्तात आलेल्या परकीय द्रव्याचे रूपांतर करून त्याचा निचरा करण्याची जबाबदारी यकृताकडे असल्यामुळे, तेथील विकरे त्यावर प्रक्रिया करू लागतात आणि याच सद्हेतूच्या उद्योगातून जे अत्यंत क्रियाशील रूप जन्माला येते, ते डीएनएला जाऊन चिकटते. पेशींच्या बेबंद वाढीला लगाम घालणाऱ्या पी-५३ या जनुकात एका ठरावीक जागी होणारा बदल ॲफ्लाटॉक्सिनग्रस्त प्रदेशांतील यकृत-कर्करोगात वारंवार आढळतो. त्यातही ज्याला हिपॅटायटिस-बी या विषाणूचा जुना संसर्ग आहे, त्याची अवस्था अधिकच बिकट : शांघाय येथील पुरुषांच्या पाहणीत ॲफ्लाटॉक्सिनमुळे धोका सुमारे तिप्पट, केवळ विषाणूमुळे सुमारे सातपट, पण दोन्ही एकत्र आले असता सुमारे साठपट आढळला. ही बेरीज तर नव्हेच. साध्या गुणाकारालाही ती मागे टाकते.

आहार बदलल्याने धोका खरोखरच ओसरतो काय, असे विचारणाऱ्या संशयवादी वाचकाने यांगत्से नदीच्या मुखाशी असलेल्या छीदोंग या चिनी तालुक्याकडे पाहावे. तेथील लोकांचे मुख्य अन्न मका होते व त्याला बुरशी लागत असे. १९८० नंतरच्या दशकात बाजारावरील सरकारी निर्बंध सैल होताच लोक तांदळाकडे वळले, आणि पस्तिशीच्या आतील लोकांतील यकृत-कर्करोगाचे मृत्यू पिढीगणिक घटत जाऊन निम्म्याहूनही खाली आले. ध्यानात घेण्याजोगी बाब अशी की, नवजात बालकांना हिपॅटायटिस-बीची लस सरसकट टोचण्याची व्यवस्था सुरू होण्यापूर्वीच ही सारी मंडळी जन्मली होती. तेव्हा या घटीचे श्रेय लसीच्या पदरात टाकता येत नाही.

आपल्या देशातही या विषाने आपले उग्र रूप दाखविले आहे. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा व गुजरातेतील पंचमहाल या जिल्ह्यांत अवेळी पावसाने भिजलेला मका खाऊन आदिवासी कुटुंबांत काविळीची साथ पसरली. ३९७ रुग्णांपैकी १०६ दगावले. हा मामला तीव्र विषबाधेचा होता, कर्करोगाचा नव्हे. कर्करोगाला लागते ती अल्प मात्रा, वर्षानुवर्षे, कोणाला कळूही न देता पोटात जाणारी.

आणि अशा अल्प मात्रेचा विचार करू लागलो की महाराष्ट्रीय स्वयंपाकघरात नजर प्रथम जाते ती दाण्याच्या कुटाच्या डब्यावर. आमटी, कोशिंबीर, भरली वांगी आणि उपवासाची खिचडी यांना ज्याच्यावाचून चव नाही, तो भुईमूग काढणीच्या वेळी परतीच्या पावसात सापडतो, किंवा शेंगा भरताना पावसाने ताण दिला आणि किडीने टरफल पोखरले तर जमिनीतच बुरशीच्या तावडीत जातो. मात्र संपूर्ण पोत्यात विष सारखे पसरलेले नसते. मूठभर दाण्यांत त्याचा बहुतांश भाग साठलेला असतो, आणि म्हणूनच सुरकुतलेले, काळवंडलेले, हिरवट-पिवळी बुरशी धरलेले दाणे निवडून टाकण्याची जुन्या गृहिणींची चाल आज शास्त्राच्या कसोटीलाही उतरते. दाणे एकदा कुटले की मात्र पुरावाच नष्ट होतो, त्यामुळे तयार कूट विकत आणण्यात मला शहाणपण दिसत नाही. दाणे भाजले म्हणजे दोष गेला, हीही भाबडी समजूत होय. भाजण्याने विष काही अंशी घटते, शिजवण्याने जवळजवळ नाहीच. खवटपणा हा तर तेलाचा दोष, विषाचा नव्हे. ॲफ्लाटॉक्सिनला स्वतःची चव वा वास नसतो. सध्या ज्याचे फार कौतुक चालले आहे त्या लाकडी घाण्याच्या तेलाचीही शुद्धता शेवटी घाण्यात पडलेल्या दाण्यावरच अवलंबून असते.

गाळपात विषाचा मोठा भाग पेंडीत उरतो, पेंड गुराच्या दावणीत जाते, आणि तेथून त्याचे एम-१ हे रूप दुधात उतरते. भारतीय कायद्याने दुधात त्याची मर्यादा प्रतिकिलो ०.५ मायक्रोग्रॅम ठरविली आहे. युरोपात ती याच्या दशांश, म्हणजे ०.०५ आहे. दूध उकळून हे विष जात नाही, सबब ग्राहकाच्या हाती तेथे काहीच उरत नाही. जो बंदोबस्त करायचा तो पेंडीच्या गोदामात आणि त्याआधी खळ्यावर : वेल उपटून शेंगा वर येतील असे उलटे वाळवणे, ओलसर माल पोत्यात न भरणे, फुटकी शेंग वेगळी काढणे. या कामांवर खर्च थोडा येतो, परंतु बाजारात कोरड्या व ओल्या मालाला एकच भाव मिळत असेल तर शेतकऱ्याने तो का करावा, याचे उत्तर व्यापाऱ्यांनी आणि बाजार समित्यांनी द्यावयाचे आहे.

पुढील लेखांकात मीठ, खारवलेले मासे आणि जठराचा कर्करोग यांचा विचार करू. तोवर वाचकांनी आपल्या घरातील दाण्याचा डबा एकवार उजेडात ओतून पाहावा, एवढी विनंती आहे.