दिव्याखालची चिलटं : फोटो किती सांगतो?

2024 च्या फेब्रुवारीत पुण्यात केशवनगर-खराडीच्या बाजूला मुळा-मुठेवर कीटकांचे उंच खांब घिरट्या घालताना दिसले. ‘डासांचं वादळ’ म्हणून तो व्हिडिओ गावोगाव फिरला. हीच नदी पुढे रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते आणि पाणी दौंडकडे जातं. शिरूर-दौंडला नदीकाठच्या दिव्यांभोवती चिलटं जमली, की फोटो काढून हाच प्रश्न विचारला जातो : हे कसले डास?

गैरसमज : एवढा थवा म्हणजे डासच.
वस्तुस्थिती : नदीकाठचे असे उंच थवे बहुधा कायरोनोमिड या न चावणाऱ्या चिलटांच्या नरांचे असतात, मादीला बोलावण्यासाठी ते जमतात. फोटोत मिशांवर जाऊ नका, पिसासारख्या मिशा नर डासालाही असतात. तोंड पाहा. डासाला लांब सोंड असते, या चिलटाला नसते. बसल्यावर डास बहुधा मागचे पाय उचलतो, हे चिलट पुढचे.

गैरसमज : चिलटं चावत नाहीत.
वस्तुस्थिती : क्युलिकॉइडिस या दुसऱ्या गटातल्या चिलटांच्या माद्या चावतात. जेमतेम 1 ते 3 मिलिमीटरचा जीव, पण मेंढ्यांमध्ये नीलजिव्हा (ब्लू टंग) रोग पसरवतो. त्यांच्या अळ्या गोठ्याजवळच्या चिखलात, ओल्या शेणात वाढतात. बऱ्याच जातींच्या पंखांवर फिके-गडद ठिपके असतात, म्हणून फोटो वरून घ्यावा.

गैरसमज : चिलटं दिसली म्हणजे पाणी सडलेलं.
वस्तुस्थिती : काही कायरोनोमिडच्या अळ्या रक्तातल्या हिमोग्लोबिनमुळे लाल असतात आणि प्राणवायू कमी असलेल्या गाळातही तग धरतात. सांडपाण्यात त्यांचंच राज्य असतं. पण याच कुळातल्या इतर जाती स्वच्छ ओढ्यातही राहतात. त्यामुळे निव्वळ थवा पाहून पाण्याची परीक्षा होत नाही.

गैरसमज : फोटोवरून ओळख सांगणाऱ्या अ‍ॅपने नाव दिलं, जात कळली.
वस्तुस्थिती : चांगल्या फोटोवरून कूळ कळतं, कधी जातींचा गटही. नेमकी जात ठरवायला बहुधा नराची जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागतात. कायरोनोमसच्या काही जाती तर अळीच्या लाळग्रंथींतल्या गुणसूत्रांवरूनच वेगळ्या काढतात.

तेव्हा ओळख विचारायला फोटो पाठवताना पांढरा कागद, शेजारी मोजपट्टी, एक फोटो वरून आणि एक बाजूने, सोबत जागा व वेळ एवढं द्या. चावतं की नाही, एवढा निकाल लावायला ते बहुतेक वेळा पुरतं.