अंतर आणि वेळ : मुंबई ते कराची

मुंबईहून दिल्ली जवळ की कराची? विमानतळ ते विमानतळ हवाई अंतर मोजलं, तर दिल्ली सुमारे ११४० किलोमीटर भरते आणि कराची ८७५च्या आसपास. परदेशातलं हे शहर आपल्याला आपल्याच राजधानीपेक्षा जवळ आहे.

हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोलाईवरून जाणारी सर्वांत छोटी रेघ. मुंबईहून निघालेली ही रेघ समुद्र ओलांडून सौराष्ट्रावर येते आणि कच्छचं आखात पार करून सिंधू नदीच्या मुखाकडे जाते. ताशी ८०० किलोमीटर वेगाने हे अंतर तासाभराचं. पण विमानाला धावपट्टीपर्यंत जायचं असतं, उंची गाठायची असते, उतरताना वेग कमी करायचा असतो. त्यामुळे प्रवास साधारण दीड तासाचा धरावा. पाकिस्तानचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे आहे. म्हणून इथून दहाला सुटलेलं विमान तिथल्या अकराला पोचेल, आणि तिथून दहाला निघालेलं इथे बाराला उतरेल. जाताना एक तास, येताना दोन, असं वेळापत्रकात दिसलं तरी उड्डाण तेवढंच असतं.

टाटांची नियमित हवाई टपाल सेवा याच वाटेवर सुरू झाली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा एका इंजिनाचं छोटंसं पस मॉथ विमान घेऊन टपालासह कराचीहून निघाले आणि अहमदाबादला थांबून जुहूला उतरले. सकाळी निघून दुपारी मुंबईत! त्या वेळी सिंध मुंबई इलाख्यातच होता. तो वेगळा झाला १९३६ साली. कराचीतली जुनी, नामांकित शाळा आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणतज्ज्ञाच्या नावाने ओळखली जाते.

आज या दोन शहरांत थेट विमान नाही. पाकिस्तान इंटरनॅशनल एअरलाइन्सची मुंबई सेवा २०१७ साली थांबली. एप्रिल २०२५मध्ये तर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं. तिसऱ्या देशाच्या विमानाने दुबईमार्गे जायचं म्हटलं, तर मुंबई-दुबई सुमारे १९३० आणि दुबई-कराची सुमारे ११९० किलोमीटर, म्हणजे मूळ अंतराच्या साडेतीनपट. हवेतच पाच तास जातात, दुबईतला मुक्काम वेगळा. तिकिटाचे पैसेही वाढतात.

फाळणीत उल्हासनगरला आलेली सिंधी कुटुंबं आणि मुंबई-कोकणातून कराचीला गेलेली मुस्लिम कुटुंबं यांच्यासाठी हे अंतर नात्यागोत्यांचं आहे. लग्नाला, मयताला वेळेत पोचायचं तर दीड तास आणि अख्खा दिवस यांत फार फरक पडतो. ही थेट सेवा पुन्हा सुरू व्हायलाच हवी, असं मला ठामपणे वाटतं.