लीड्स शहरांतील पाठीस पाठ लावलेलीं घरें

इंग्लंड म्हटलें कीं आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबांतून लंडनचें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु ज्या कारखान्यांनीं त्या देशास संपन्न केलें त्यांतील बहुतेक, श्रोतेहो, उत्तरेस होते: मँचेस्टर, शेफील्ड, ब्रॅडफर्ड, लीड्स. तेथें लहानाचे मोठे झालेले लोक आतां सत्तरी-ऐंशीच्या घरांत आहेत, आणि ते आपल्या बाळपणाविषयीं बोलूं लागले म्हणजे त्यांस थांबविणें कठीण पडतें. माझी कन्या नोकरीनिमित्त लीड्स येथें असल्यामुळें दोन उन्हाळे मला तें शहर पायीं हिंडून पाहतां आलें व तेथील वृद्ध मंडळींशीं बोलण्याचा योगही आला. त्यांच्या आठवणी नुसत्या गोड म्हणून ऐकून सोडून देण्यासारख्या नाहींत. मात्र ज्या घरांत त्या जन्मल्या त्या घरांची रचना समजल्यावांचून त्यांचा अर्थ लागत नाहीं. म्हणून प्रथम घरांविषयीं सांगतों.

या घरांस तिकडे 'बॅक-टु-बॅक' म्हणतात. एका ओळींतील घरांची मागची भिंत तीच दुसऱ्या ओळींतील घरांची मागची भिंत. उजव्याडाव्या भिंतीही शेजाऱ्यांशीं सामाईक. चारांपैकीं तीन भिंती अशा गुंतलेल्या, आणि दार व खिडक्या तेवढ्या रस्त्याच्या बाजूस. मागलें दार नाहीं, परसूं नाहीं, वारा आरपार जाण्यास वाट नाहीं. खालीं एक खोली, वर एक किंवा दोन, त्यावर पोटमाळा, आणि तळघरांत कोळसा. कमींत कमी जमिनींत व कमींत कमी विटांत अधिकांत अधिक कुटुंबें बसविण्याची ही युक्ति होती. १८६६ सालच्या कायद्यानें आठांहून अधिक घरांचा सलग गट करण्यास मनाई झाली, आणि दोन गटांमधील मोकळ्या जागेंत शौचकूप बांधण्याची पद्धत पडली. पुढें १९०९ सालीं पार्लमेंटनें अशीं घरें बांधण्यासच बंदी केली. परंतु ज्या रस्त्यांचे नकाशे आधींच मंजूर झाले होते त्यांना ती लागू नव्हती. या पळवाटेचा लीड्सनें असा कांहीं लाभ घेतला कीं तेथें १९३७ सालापर्यंत हीं घरें उभीं राहत होतीं! कायदा करणारे आणि नकाशे मंजूर करून घेणारे यांच्यांत पुढारी कोण, हें आपल्या श्रोत्यांस मीं सांगावयास नको.

आतां पाहा, घरास परसूं नसलें म्हणजे रस्ता हेंच परसूं होतें. लीड्सच्या बालपणाचें सारें मर्म या एका गोष्टींत आहे. सोमवार हा धुण्याचा दिवस. त्या दिवशीं समोरासमोरच्या घरांमधून रस्त्यावर आडव्या दोऱ्या बांधल्या जात आणि रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत चादरींनीं भरून जाई. कोळशाची गाडी आली कीं बायका धांवत बाहेर येत, काठ्यांनीं दोऱ्या उंच उचलीत, व गाडी खालून गेली कीं पुन्हा सोडीत. गिरण्यांचा व घरोघरच्या शेगड्यांचा धूर इतका कीं पांढऱ्या कपड्यावर काजळीचे ठिपके पडत आणि सकाळची मेहनत फुकट जाई. धुराविरुद्ध कायदा व्हावयास १९५६ साल उजाडलें, आणि तोही लंडनमध्यें १९५२ सालच्या धुक्यांत हजारों माणसें दगावल्यानंतर. १८५८ सालीं राणी व्हिक्टोरियानें उघडलेला लीड्सचा टाउन हॉल मूळचा काळाच आहे अशी मुलांच्या एका पिढीची समजूत होती. पुढें तो धुतला गेला तेव्हां आंतून मधाच्या रंगाचा दगड निघाला.

दाराची पायरी दगडी. ती घासून तिच्या कडेवर घासणीच्या दगडाची फिकट पट्टी ओढणें हें गृहिणीच्या अब्रूचें काम मानीत. आपल्याकडे उंबऱ्यापुढें रांगोळी नसली तर शेजारीण जें मनांत म्हणते तेंच तिकडे पायरीवरून म्हणत.

मुलांचा मोठा सण पांच नोव्हेंबरचा. १६०५ सालीं पार्लमेंट उडविण्याचा कट फसला, त्याच्या स्मरणार्थ त्या रात्रीं होळ्या पेटवितात. त्याआधीं कित्येक आठवडे मुलें लांकडें गोळा करीत. यॉर्कशायरच्या बोलींत या उद्योगास 'चंपिंग' म्हणतात. शेजारच्या गल्लींतील टोळी आपला साठा पळवील म्हणून रात्रीं पहारे बसत, आणि दुसऱ्याचा साठा पळविणें हा अर्थातच पराक्रम गणला जाई. आपल्या शिमग्याशीं हें किती जुळतें! त्या रात्रीं ओटचें पीठ, काकवी व आलें घालून केलेला 'पार्किन' नांवाचा केक खात. दुसरा दिवस व्हिटसन्टाइडचा, ईस्टरनंतर सातव्या रविवारचा. त्या दिवशीं नवे कपडे अंगावर यावयाचेच. मग वर्षभर हप्ते भरावे लागले तरी बेहत्तर. मुलें ते कपडे घालून घरोघर दाखवावयास जात आणि शेजारीपाजारी त्यांच्या नव्या खिशांत एखादी पेनी टाकीत.

रविवारीं ट्रॅमनें राउंडहे पार्कास जावयाचें. डोक्यावरील तारेंतून वीज घेऊन चालणारी ट्रॅम इंग्लंडांत सर्वांआधीं ज्या थोड्या ठिकाणीं सुरू झाली त्यांत १८९१ सालचा हा राउंडहेचा मार्ग होता. लीड्सची शेवटची ट्रॅम ७ नोव्हेंबर १९५९ रोजीं धांवली. मुंबईची त्यानंतर साडेचार वर्षांच्या आंत, १९६४ च्या मार्चमध्यें.

येथें थोडें विषयांतर करतों. लीड्सच्या दक्षिणेस हंस्लेट नांवाची कामकऱ्यांची वस्ती आहे. तेथील किट्सन कंपनीच्या कारखान्यांत आपल्या बार्शी लाइट रेल्वेचीं पहिलीं इंजिनें तयार झालीं. ती अडीच फुटी लोहवाट १८९७ सालीं सुरू झाली व १९०६ सालीं पंढरपुरास पोंचली. पुढें तिचे रूळ रुंद झाले. परंतु कित्येक वर्षें वारकऱ्यांस विठोबाच्या पायांशीं आणून सोडणारें यंत्र या काळवंडलेल्या गल्ल्यांतील हातांनीं घडविलें होतें, हें हंस्लेटमध्यें उभा असतां मला वारंवार आठवे.

याच हंस्लेटमध्यें रिचर्ड हॉगर्ट हा लेखक वाढला. जन्म १९१८ चा. आईबाप लहानपणींच वारल्यामुळें आजीनें वाढविला. कामकरी वस्तीच्या राहणीवर त्यानें १९५७ सालीं लिहिलेला ग्रंथ तिकडे फार मानला जातो. शिष्यवृत्ति मिळवून वर चढलेला मुलगा आपल्या गल्लीचाही राहत नाहीं आणि नव्या समाजाचाही होत नाहीं, हें त्यांतील निरीक्षण मला सर्वांत खरें वाटलें. १९४४ च्या शिक्षणकायद्यानंतर अकराव्या वर्षीं एक परीक्षा होई. पास झालेलीं मुलें ग्रामर स्कुलांत, बाकीचीं दुसऱ्या शाळेंत. माझ्या कन्येच्या शेजारच्या एका ऐंशी उलटलेल्या बाई या परीक्षेंत पास झाल्या, त्यांचा धाकटा भाऊ झाला नाहीं. निकालाचें पाकीट आलें त्या दिवशीं आई त्याच्यासमोर रडली नाहीं, तळघरांत कोळसा आणावयास गेली ती बराच वेळ वर आली नाहीं, एवढेंच त्या म्हणाल्या. अकरा वर्षांच्या पोराची अशी विभागणी करणें मला शिक्षक या नात्यानें कधींच पटणार नाहीं.

आणखी एक गोष्ट मीं पाहिली. पुरुष मंडळी बोलतात तीं लांकडांच्या पहाऱ्यांविषयीं, चेंडूविषयीं, ट्रॅमविषयीं. बायकांस विचारलें तर पाणी तापविणें, शेगडीपुढें पत्र्याच्या टबांत एकाच पाण्यांत सर्वांनीं पाळीपाळीनें केलेलें स्नान, आणि हिवाळ्यांत रात्रीं कंदील घेऊन रस्त्याच्या कडेच्या शौचकूपापर्यंत जाणें, हें निघतें. दोघेही खरेंच सांगतात. पण पहिल्यांचें ऐकून 'तो काळ किती चांगला' म्हणणाऱ्यानें दुसऱ्यांचें ऐकल्याशिवाय उठूं नये.

हीं घरें पाडावीं असें म्हणणाऱ्यांत होलबेक वस्तीचे पाद्री चार्ल्स जेंकिन्सन प्रमुख. नगरसभेंत निवडून येऊन त्यांनीं १९३३ नंतर हजारों जुनीं घरें पाडण्याची योजना हातीं घेतली, आणि ज्याची मिळकत कमी त्याचें भाडें कमी असा नियम केला. क्वारी हिल येथें व्हिएन्नाच्या धर्तीवर ९३८ बिऱ्हाडांची प्रचंड इमारत १९३८ सालीं उभी राहिली. आंत पाणी, आंत शौचकूप, लिफ्टसुद्धां! परंतु तिचा सांगाडा गंजला, आणि चाळीस वर्षांतच, १९७८ सालीं, ती जमीनदोस्त झाली. इतर कुटुंबें शहराबाहेर गिप्टन, सीक्रॉफ्ट अशा वसाहतींत गेलीं. घर मोठें मिळालें, बाग मिळाली. मात्र एका गल्लींतील माणसें एका ठिकाणीं गेलीं नाहींत. शेजारच्या बाईंच्या आईस नव्या घरीं ओळखीचा चेहरा दिसावयास बस पकडावी लागे. गिरगांवच्या चाळी सोडून उपनगरांत गेलेल्यांस हें निराळें समजावून सांगण्याचें कारण नाहीं. तरी त्याच बाईंस मीं विचारलें, जुन्या घरांत परत जाल काय? त्यांनीं कंदिलाची आठवण दिली व हंसल्या.

बर्मिंगहॅम शहरांत अशा घरांचा एकच चौक शिल्लक राहिला असून २००४ पासून नॅशनल ट्रस्ट ही संस्था तो संग्रहालय म्हणून दाखविते. लीड्समध्यें मात्र एकोणीस हजारांच्या आसपास घरें अजून उभीं आहेत. शौचकूप आतां घरांत आले आहेत. हेअरहिल्सच्या गल्ल्यांतून देशोदेशींचीं कुटुंबें राहतात, हाइड पार्ककडे विद्यार्थी राहतात, आणि कांहीं गल्ल्यांत धुण्याच्या दोऱ्या अद्याप रस्त्यावरूनच आडव्या जातात.